बाहुली आकसते तेव्हा

आमच्या दवाखान्यात नातेवाइकांच्या हॉलमध्ये भिंतीवर एक मोठा टीव्ही आहे, आणि त्या टीव्हीवरून माझं आणि मोठ्या सरांचं पहिल्या दिवसापासून वाजलेलं आहे. मोठे सर म्हणजे दवाखान्याचे मालक. आत डोळ्याचं ऑपरेशन चालू असलं की मायक्रोस्कोपला लावलेल्या कॅमेऱ्यातून ते बाहेर त्या टीव्हीवर दिसतं. म्हणजे आत मी कुणा आजोबांचा मोतीबिंदू काढत असते, आणि बाहेर त्यांची सगळी मंडळी चहाचे कप हातात धरून परातीएवढा डोळा बघत बसलेली असतात. "पारदर्शकता, डॉक्टर," मोठे सर म्हणतात. "लोकांचा विश्वास बसतो." डोंबलाचा विश्वास. एका जावईबापूंना चक्कर आली, ते खुर्चीसकट आडवे झाले आणि त्यांच्या कपाळाला टाके आम्हालाच घालावे लागले. पण समोरच्या दवाखान्यात असला टीव्ही नाही. त्यामुळे आमचा निघणार नाही, आणि विषय तिथंच संपतो.

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते. घरात मला लहानपणापासून ठिणगी म्हणतात. सर्जन झाले तरी नाव काही सुटलं नाही. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते एखाद्या हळव्या, घाबरट बाईचं सांगणं आहे असं कुणी समजू नये. मला भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी पर्स उचलून निघते. अर्धं आयुष्य मी माणसांच्या डोळ्यांत वाकून बघण्यात घालवलंय, आणि तिथं मला मोतीबिंदू, जखमा आणि क्वचित लोखंडाचा एखादा कण, याखेरीज काही सापडलेलं नव्हतं.

डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये खरी मालकीण असते बाहुली. लोकांना वाटतं सगळं सर्जनच्या हातात असतं. हात कितीही चांगला असू द्या, आत शिरायचं दार तीच. आधी थेंब घालून आम्ही ती मोठी करतो, मग डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतो, आणि काम संपेपर्यंत तिनं तसंच मोठं राहायचं असतं. राहिली, तर सगळं सुरळीत होतं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की पेशंट समोरचं घड्याळ वाचून दाखवतो. मध्येच आकसायला लागली, तर मात्र कुलपाच्या भोकातून कपाट आवरायला घेतल्यासारखं होतं. तिची कड दुखावते, डोळा लाल होतो, सुजतो, बरं व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. मधुमेहवाल्यांची आकसते. लघवीच्या त्रासासाठी गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांची आकसते. हत्यार कडेला लागलं तरी आकसते. दर वेळी काहीतरी कारण असतं. नव्या डॉक्टरांना मी हेच शिकवते, बाहुली आकसली तर हातपाय गाळू नका, कारण शोधा.

ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं ते एक निवृत्त बस कंडक्टर होते. दणकट माणूस, आवाज अजून बसच्या मागच्या सीटपर्यंत जाईल असा. ना मधुमेह, ना कसली गोळी. थेंबांनी बाहुली इतकी सुरेख उघडली होती की मी सिस्टरला म्हटलं, आज आपण जेवायला वेळेवर जाणार. अर्धं काम झालं आणि बाहुली आकसली. हळूहळू नाही. दाराच्या फटीतून कुणी बाहेर बघावं आणि नको तो माणूस दिसल्याबरोबर दार लोटून घ्यावं, तशी आकसली. मी औषध सोडलं, ढिम्म. शेवटी बारीक हुक लावून तिची कड चारी बाजूंनी ओढून धरली आणि मनातल्या मनात शिव्या घालत काम उरकलं. असा डोळा दुसऱ्या दिवशी टोमॅटोसारखा लाल दिसतो.

दुसऱ्या दिवशी तो डोळा काचेसारखा स्वच्छ होता. सूज नाही, लाली नाही. कंडक्टरांनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचली, शिवाय तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मी खूश. त्यांनी सगळ्यांकडे बघून घेतलं, धाकट्या मुलाच्या शर्टाला डाग पडलाय म्हणून त्याला टोकलं, आणि मग म्हणाले, "थोरला कुठं राहिला?"

थोरला त्यांच्या शेजारी उभा होता. त्याचा हात त्यांच्या खांद्यावर होता.

"बाबा, मी इथंच आहे की."

रस्त्यावरून ट्रक जाताना माणूस बोलायचं थांबतो आणि आवाज विरला की पुढं सुरू करतो. कंडक्टर तेवढंच थांबले. मग धाकट्याला म्हणाले, "कामात अडकला असेल. फोन कर त्याला." आणि माझ्याकडे वळून, "डॉक्टर, हा खांदा जरा जड वाटतोय. झोपण्यात आखडला असेल का?"

आम्ही सगळ्या तपासण्या केल्या. नजरेची, मेंदूची, मनाचीही. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. थोरला मुलगा मधूनमधून येत राहिला, आणि एके दिवशी माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "माझ्या बापाच्या डोळ्यात काय घातलंत तुम्ही?"

"लेन्स," मी म्हटलं. "सगळ्यांच्या घालतो तीच."

"मी चहा आणायला गेलो होतो. परत हॉलमध्ये आलो, टीव्हीसमोर उभा राहिलो, आणि तो डोळा माझ्याकडे बघून मिटला. सगळ्यांनी बघितलंय. आम्ही हसलोसुद्धा त्यावर."

"टीव्ही आहे तो. खिडकी नव्हे."

एवढं बोलून मी त्याला बाहेर काढलं. जाताना तो धिप्पाड माणूस डोळे पुसत होता. नंतर धाकट्याकडून कळलं, या थोरल्यानं बापाला न विचारता राहतं घर विकायला काढलं होतं. खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं. सरळ नियम आहे म्हणायचा, म्हटलं. ज्यानं केलं त्यानं भोगलं. मग स्वतःवरच चिडले, कारण भोगायला आधी काही घडलेलं असायला हवं ना. बाहुली टीव्हीतून बघत नाही. विषय संपला.

विषय संपला नव्हता. काही दिवसांनी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्यांच्याबरोबर त्यांची सून होती. मशीनवर काम सुरू करण्याआधी सासूच्या सगळ्या सुयांत दोरे ओवून ठेवायचे, हे तिचं रोजचं काम. सासूला आंघोळ घालायची ती, औषधं द्यायची ती, आणि सासूची बोलणी खायची तीही तीच. त्या दिवशी ऑपरेशन माझ्या सहकाऱ्याकडे होतं. त्याला आम्ही शांतोबा म्हणतो, कारण दवाखान्याला आग लागली तरी हा आधी नीट हात धुईल. मी दुसऱ्या कुणाशी बोलायला म्हणून हॉलमध्ये गेले होते. टीव्हीवर शिवणवाल्या बाईंचा डोळा होता, बाहुली छान मोठी, काम रंगात आलेलं. सून पाण्याची बाटली भरून आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली.

बाहुली आकसली.

मी तिचा दंड धरून तिला बाजूला केलं. बाहुली उघडली. असं होत नाही. बधिर डोळ्यातली आकसलेली बाहुली औषधाशिवाय अशी परत उघडत नाही. सून गोंधळली होती, तिला वाटलं आपण कुणाच्या तरी आड येतोय. ती "माफ करा" म्हणत दुसऱ्या बाजूनं पुढं आली, आणि पडद्यावरची बाहुली तिच्या डोळ्यांदेखत टाचणीच्या डोक्याएवढी झाली. मी भिंतीतून टीव्हीची वायर ओढून काढली. हॉलमधली माणसं माझ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा डोळा लख्ख. सून त्यांची हनुवटी धरून थेंब घालत होती, आणि बाई छताकडे बघत मला विचारत होत्या, "आमची सूनबाई आली नाही का हो आज? एवढं ऑपरेशन झालं, तिला फुरसत नाही?" सून आधी हसली. सासू थट्टा कधी करत नाही हे तिच्या उशिरा लक्षात आलं. मग ती माझ्यामागून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, मी काय केलं?"

घर विकायला काढणाऱ्याला शिक्षा झाली तर मी समजू शकते. पण ही? जिनं दोरे ओवले ती? मग हा कसला नियम, आणि हा न्याय करणारा कोण टिकोजीराव? 'मी काय केलं' असं कुणी विचारलं की समोर दिसेल त्याला झोडपून काढावंसं वाटतं मला, आणि समोर तर ती बिचारीच उभी होती. मी तिला म्हटलं, तू काही केलेलं नाहीस. तिला ते पटलं नाही.

मी तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, आणि सांगताना ते किती खुळचट वाटतंय हे मलाच ऐकू येत होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दोन्ही डोळे उत्तम बरे झालेत ना, डॉक्टर?"

"डोळे बरे झालेत."

"मग आपलं काम तेवढंच. तुम्ही थोडी सुट्टी घ्या." दुपारी टीव्ही परत सुरू झाला.

आता आईचं सांगते. आईचा एक डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला. राहिला एकच, आणि त्यात मोतीबिंदू दगडासारखा घट्ट झालेला. डोळ्यांच्या डॉक्टरची आई, आणि ती भिंती चाचपत चालते. लोकांनी मला कमी ऐकवलं नाही. पण ती ऐकेल तर शपथ. "आधी बाकीच्यांचं कर गं, माझं काय अडलंय." तिचं अडलं होतं ते एकाच ठिकाणी, आणि ते ती बोलूनही दाखवायची. "तुझं तोंड नीट दिसत नाही आता. आवाज येतो, पण वर नुसतं धुकं. एकदा तुझं तोंड नीट बघितलं की झालं." असं म्हणायची, आणि दादा आला की मात्र जिन्यातल्या त्याच्या पावलांवरूनच उठून बसायची. मी रोज दवाखान्यातून घरी येते, रोज जेवायला वाढते, आणि मला रोज "कोण आलंय?" दादा वर्षातून एकदा उगवतो आणि त्याला बघायला हिला डोळेसुद्धा लागत नाहीत. मला याचा राग यायचा. अजून येतो.

शेवटी ती तयार झाली. अट एकच, ऑपरेशन मी करायचं. शांतोबा म्हणाला, आपल्या माणसाचं आपण करू नये. नेहमी मीही तेच म्हणते. पण मी माझं गणित मांडलं होतं. कंडक्टरांना मी दिसत होते. शिवणवाल्या बाईंना शांतोबा दिसत होता. म्हणजे सर्जनला धोका नाही, जो काही घोळ आहे तो बाहेरच्या टीव्हीत आहे. मी करीन आणि टीव्ही बंद ठेवीन. बाहुलीला बघायला कुणी नातेवाईकच राहणार नाही. मीही तिची मुलगीच आहे, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते झटकून टाकलं.

दादा आला. गाडीतून उतरला तोच सुरू झाला.

"टीव्ही बंद का ठेवणार?"

"ठेवणार. कारण विचारू नकोस."

"मी इतक्या लांबून आलोय. आईचं ऑपरेशन बघायचंही नाही मी?"

"इतकी वर्षं बघायला आला नाहीस, आता कसली हौस आलीय?"

"हे बघ ठिणगे," तो म्हणाला, "तुला सगळं एकटीनं करायचं असतं आणि मग आयुष्यभर सगळ्यांना ऐकवायचं असतं."

मी आत गेले आणि मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याची वायर काढून खिशात टाकली. बाहेरचा टीव्ही काळा झाला. तरी क्षणभर मला वाटून गेलं होतं की वायर राहू द्यावी, दादाला त्या पडद्यासमोर मधोमध उभं करावं, आणि होऊ द्यावं काय व्हायचं ते. वाटलं होतं हे नाकारत नाही.

आई टेबलावर आडवी झाली. तोंडावरच्या हिरव्या कापडात भोक, आणि भोकात तो एकुलता डोळा. भूल फक्त डोळ्यापुरती असते, माणूस जागा असतो.

"बरी आहेस ना?" मी विचारलं.

"मला काय होतंय? तू जेवलीस का?"

सिस्टर हसली. मी मायक्रोस्कोपला डोळे लावले. बाहुली विस्फारून मस्त काळीभोर झाली होती. मी आत शिरले, मोतीबिंदूवरचा पापुद्रा गोल काढला, मग तो दगड फोडायला घेतला. फुटत नव्हता. फुटला तेव्हा मला घाम आला होता. त्याचे तुकडे आता डोळ्यात मोकळे होते, एकेक करून बाहेर काढायचे होते, आणि त्यांच्यामागचा पडदा कांद्याच्या सालीइतका पातळ. इथं थांबता येत नाही. इथं कुणालाच थांबता येत नाही.

"वर कुणी बाई आहे का गं?" आई म्हणाली.

"मीच आहे, आई. बोलू नकोस. डोळा हलतो."

"तू नव्हे." ती म्हणाली. "दुसरीच कुणीतरी आहे. बघतेय माझ्याकडे."

या अवस्थेत पेशंटला उजेड दिसतो, रंग दिसतात, कधी सावल्या हलताना दिसतात. चेहरे दिसत नाहीत.

आणि बाहुली आकसायला लागली.

बाहेर टीव्ही काळा होता. वायर माझ्या खिशात होती. सिस्टर तिच्या ट्रेकडे बघत होती. त्या बाहुलीत जगात एकच माणूस बघत होतं.

मला इतका राग आला की कानशिलं तापली. मी? रोज जेवायला वाढते ती मी? तुझे पाय चेपते, तुझ्या गोळ्या मोजते, तुझ्यासाठी घर सोडून कुठं गेले नाही, ती मी? आणि तू दार माझ्या तोंडावर लोटतेस?

"औषध," मी म्हटलं. सिस्टरनं दिलं. काही उपयोग झाला नाही.

"हुक."

हुक लावले. ती हुकांनाही ओढत होती. इतकी ताकद त्या कडेत नसते.

"मॅडम, शांतोबा सरांना बोलावू?"

शांतोबा शेजारच्या खोलीत दुसऱ्या डोळ्यात होता. तो हात बाहेर काढेपर्यंत हे तुकडे आत घसरले असते आणि आई कायमची अंधारात गेली असती. मान वर केली असती तर कदाचित बाहुली उघडली असती. पण मान वर करायची म्हणजे हातातलं हत्यार आंधळं करायचं.

बघत राहिले तर मी तिला दिसणार नव्हते. बघायचं सोडलं तर तिला काहीच दिसणार नव्हतं.

"नको," मी म्हटलं.

मी बघत राहिले.

एक तुकडा काढला. बाहुली आणखी मिटली. दुसरा काढला. शेवटचा तुकडा जवळजवळ न दिसणाऱ्या जागेतून, नुसत्या हाताच्या सवयीनं काढला. पडदा फाटला नाही. लेन्स घातली, ती उमलली, जागेवर बसली. मी डोळ्यावर पट्टी लावली आणि हातमोजे काढताना लक्षात आलं, की मी केव्हापासून दात आवळून धरले होते.

"झालं का गं?" आई म्हणाली.

"झालं."

"गेली वाटतं ती."

बाहेर दादा उभा होता. मी त्याला म्हटलं, ऑपरेशन चांगलं झालंय. त्यानं माझं तोंड बघितलं आणि आपण होऊन चहा आणून दिला.

सकाळी पट्टी काढायला मी शांतोबाला सांगितलं आणि स्वतः दादाच्या मागे उभी राहिले. खरं तर लपले. शांतोबानं पट्टी काढली, डोळा पुसला. आईनं उघडझाप केली. दादाकडे बघितलं.

"पोट सुटलंय तुझं," ती म्हणाली. मग मान कलती करून त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. "आणि तू तिथं काय करतेस? ये की पुढं."

मी पुढं गेले. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि इतका वेळ बघत राहिली की शांतोबा हातातली पट्टी गुंडाळायचं सोडून उभाच राहिला. "केस किती पांढरे झाले गं. आणि हे डोळ्याखाली काय? झोपत नाहीस का?" मी रडले. ठिणगी रडली, ठिणगी विझली, असं दादा नंतर सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगत होता. सांगू दे. तिनं तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचली. डोळा काचेसारखा स्वच्छ होता. मी कारण शोधायला गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला कारण नको होतं.

आईला घरी आणलं. तिनं पंख्यावरची धूळ बघितली आणि मला बोलून घेतलं. खिडकीतून खालच्या माणसांच्या चपला बघितल्या. दादाच्या पोटावर आणखी दोनदा बोलली. दादा निघाला तेव्हा जिन्यात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत होती, आणि मला त्याचाही राग आला नाही.

दुपारी तिला केस विंचरायचे होते. मी तिला आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं, हातात फणी दिली आणि मागे उभी राहिले. तिनं आरशात बघितलं.

"हा आरसा बदललास का?"

"नाही. तोच आहे."

"छान दिसतंय सगळं. तू दिसतेस, पलंग दिसतो, खिडकी दिसते."

आरशात मला माझी आई दिसत होती. एका डोळ्याची, पांढऱ्या केसांची, हातात फणी धरलेली. तिची नजर तिच्या चेहऱ्यावरून सरकत पुढं गेली. कुठंही अडखळली नाही.

मी तिचा हात धरून तिच्या डोळ्यासमोर आणला. "हा कुणाचा हात?"

"तुझा."

"आणि मी काय धरलंय?"

ती हसली. "काहीच नाही की. अशी मूठ काय आवळतेस?"

मी खिशातून टॉर्च काढला. खोलीच्या उजेडात बाहुली चांगली मोकळी होती. उजेड पडला तशी नेमकी हवी तेवढी आकसली, टॉर्च काढला तशी उघडली. त्या डोळ्यात कसलाच दोष नव्हता. पुस्तकात छापावा असा डोळा.

"आई," मी म्हटलं, "तुला भीती नाही वाटत?"

"कसली भीती? तुम्ही दोघं दिसलात ना मला."

मला संताप आला. कुणावर ते सांगता येत नाही. दादावर, स्वतःवर, तिच्या त्या "माझं काय अडलंय"वर, का मायक्रोस्कोपच्या काचेत तिला दिसलेल्या त्या बाईवर, कुणास ठाऊक. मला ओरडायचं होतं, आणि ती तर फणी चालवायला लागली होती, आरशाकडे न बघता, बोटांनी भांग चाचपत. भांग सरळ निघाला. कित्येक वर्षं ती असाच काढत असावी.

मग ती थांबली, आरशातल्या माझ्याकडे बघितलं, आणि मायेनं म्हणाली, "केव्हाची उभीच आहेस. ही समोरची खुर्ची रिकामी आहे की. बस."